सात नंबरचा दगड

“मॅडम, एवढं एकच वाक्य जरा कडक करा,” मेहता साहेब म्हणाले. “बाकी रिपोर्ट फर्स्ट क्लास आहे.”

ज्याला रिपोर्टमधलं एकच वाक्य बदलायचं असतं त्याने बाकीचा रिपोर्ट वाचलेला नसतो, हे मी सव्वीस वर्षांच्या नोकरीत शिकले आहे. मेहता साहेबांनी तर स्टेपल केलेला कोपराही उघडला नव्हता. शेवटचं पान तेवढं वर दुमडलं होतं.

ते वाक्य असं होतं : ‘स्टेशन दोनवरची जीवसृष्टी दोन वर्षांत लक्षणीय घटली असून यामागे मानवी वावर असू शकतो.’

“‘असू शकतो’ काढून टाका,” ते म्हणाले. “आणि ‘मानवी वावर’ म्हणजे काय ते स्पष्ट लिहा. गावातल्या बायका ओहोटीला दगड उलथेपालथे करतात. सगळ्यांना दिसतंय. लिहायला काय हरकत?”

आमचे मालक परेशभाई माझ्याकडे बघून हसले. हे हसू मला पाठ आहे. त्याचा अर्थ, ‘वैजयंतीबेन, लिहून टाका ना, घरी जाऊ.’

आधी आम्ही कोण ते सांगते. बडोद्याच्या सुभानपुऱ्यात एका फरसाणवाल्याच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर, आमची पर्यावरण सल्लागार कंपनी आहे. माझं काम समुद्रकिनाऱ्यावरचे जीव मोजण्याचं. बडोद्यात समुद्र नाही, हे मला ठाऊक आहे. तरी दांडिया बाजारातल्या आमच्या शेजारीणबाई दर दिवाळीला विचारतात, “काय गं, विश्वामित्री नदीतल्या मगरी मोजून झाल्या का?” मी हो म्हणते. समजावून सांगण्यात माझी तरुणपणची दहा वर्षं गेली, आता नाही सांगत.

मेहता साहेब हे सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरच्या एका कारखान्याचे पर्यावरण अधिकारी. कारखान्याचं नाव सांगत नाही, करारात तशी अट आहे. त्यांना जेटी वाढवायची होती. परवानगी मिळाली, पण अटीवर : समोरच्या खडकाळ किनाऱ्यावरच्या जिवांची दोन वर्षं नोंद ठेवा आणि त्यांच्या रक्षणासाठी काय करणार ते सांगा. नोंद ठेवायचं काम आमच्याकडे आलं. रक्षणाचं काय करायचं ते कंपनीने आधीच ठरवून ठेवलं होतं. गावासमोरच्या किनाऱ्याला तारेचं कुंपण घालायचं, गावातून खाली उतरणारी वाट बंद करायची आणि त्याला ‘संरक्षित पट्टा’ म्हणायचं. खर्च कमी, फोटो छान.

त्या वाटेने गावातल्या बायका ओहोटीला खाली उतरतात. दगडांखालचे ऑक्टोपस आणि खेकडे पकडून विकतात, लहान खेकडे गळाला लावायला नवऱ्यांना देतात. थंडीचे चार महिने त्यांच्या घरची चूल यावर चालते. माझं एक वाक्य कडक झालं की ती वाट बंद. मेहता साहेबांना ते वाक्य शुक्रवारच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवायचं होतं. आणि सगळं उत्तरायणच्या आधी हवं होतं, कारण पतंग उडायला लागले की आमच्या गावात दोन दिवस फोनही कुणी उचलत नाही.

“कडक वाक्याला कडक पुरावा लागतो,” मी म्हणाले. “बघते.”

“आकडे आहेत ना तुमचेच?” मेहता साहेब म्हणाले.

आकडे आमचेच होते. तिथेच तर सगळी गंमत होती, पण ती मला दोन दिवसांनी कळायची होती.

मोजणी कशी होते ते थोडक्यात. स्टेशन म्हणजे किनाऱ्याचा एक ठरलेला तुकडा. स्टेशन एक कंपनीच्या भिंतीआड. तिथे सलग कातळ आहे, सुटे दगड नाहीत, आणि गार्ड कुणाला फिरकू देत नाही. स्टेशन दोन गावासमोर. तिथे सुट्या दगडांचा सडा. कलिंगडाएवढ्यापासून शिलाई मशीनएवढ्यापर्यंत. त्यातले तीस दगड आम्ही निवडले, त्यांच्यावर ऑइल पेंटने एक ते तीस नंबर घातले. दर तीन महिन्यांनी, मोठ्या ओहोटीला, आमची माणसं जातात आणि प्रत्येक दगडावरचे जीव मोजतात. मग दगड उलटून खालचे मोजतात.

हे खालचं प्रकरण महत्त्वाचं आहे. दगडाच्या वरच्या अंगाला ऊन आणि लाटा सोसणारे जीव असतात. शेवाळ, शंख, टोपीसारखं कवच घट्ट चिकटवून बसणारे लिंपेट. खालच्या अंगाला वेगळंच बिऱ्हाड. रंगीत स्पंज, चुन्याच्या पांढऱ्या नळ्या बांधून त्यात राहणारे किडे, छोटे खेकडे, माशांची अंडी. यांना अंधार लागतो, ओल लागते. ऊन म्हणजे मरण.

मोजणीचे आकडे एक्सेलमध्ये भरून माझ्याकडे येतात. मी त्यांचे आलेख काढते. स्टेशन दोनचा आलेख बागेतल्या घसरगुंडीसारखा खाली आला होता. स्टेशन एकचा सपाट. मेहता साहेबांचा युक्तिवाद सरळ होता : भिंतीआड माणूस नाही, तिथे सगळं स्थिर. गावासमोर बायका आहेत, तिथे घसरण. म्हणजे बायकाच.

मी त्या संध्याकाळी पुराव्यासाठी फोटो उघडले. नियमाप्रमाणे दर वेळी प्रत्येक दगड उलटण्याआधी त्याचा फोटो काढतात. दोन वर्षांत आठ फेऱ्या, तीस दगड. हे फोटो मी दोन वर्षांत एकदाही उघडले नव्हते. का नाही उघडले? एक्सेल होतं ना! आकडे रांगेत उभे होते, छान दिसत होते. स्वतःचा राग यायची ही पहिली वेळ. आणखी होत्या.

मला सळीचे ओरखडे वगैरे शोधायचे होते. सात नंबरचा दगड घेतला. पहिल्या फेरीत वर हिरवं शेवाळ, सात-आठ लिंपेट, पिवळ्या रंगात ‘७’. दुसऱ्या फेरीत शेवाळ नाही, लिंपेट नाहीत, आणि लाल रंगात ‘७’. दगडाच्या पाठीवर पांढऱ्या वेड्यावाकड्या रेघा. मी फोटो मोठा केला. नळ्या होत्या. अंधारात राहणाऱ्या किड्यांच्या चुन्याच्या नळ्या, दगडाच्या माथ्यावर, उन्हात वाळलेल्या.

आठ नंबर बघितला. तेच. नऊ. तेच. सगळ्यांचे नंबर दुसऱ्या फेरीत पिवळ्याचे लाल झाले होते.

कुणालला बोलावलं. कुणाल शिर्के आमच्या फील्ड टीमचा प्रमुख. जन्म बडोद्याचा, शिक्षण बडोद्याचं, मराठी घरात बोलण्यापुरती. कामाला वाघ. सांगितलेलं काम तो सांगितल्याबरहुकूम करतो, याचा मला फार अभिमान होता.

“कुणाल, नंबरचा रंग का बदलला?”

“पिवळा मिटून गेलता ने मॅडम. खारं पाणी, लाटा... मग परत लिहिला. पिवळा डबा संपलेला, लाल होता.”

“तीसच्या तीस दगडांवरचा मिटला? एकदम?”

“हां ने. एकपण नाय दिसला. उलटल्यावर पण खाली चिखल लागलेला, नंबर काय दिसला नाय. टेपने अंतर मोजून दगड शोधले आम्ही. अर्धा दिवस तेच्यातच गेला.”

“आणि तिसऱ्या फेरीत?”

“तेव्हा पिवळा परत दिसायला लागला.” त्याने डोकं खाजवलं. “आम्हाला पण नवाई लागली. पण नंबर मिळाला एटले... मिळाला म्हणून कोणी काय बोललं नाय.”

मिटलेला रंग तीन महिन्यांनी परत येतो, आणि चार शिकलेल्या माणसांना त्याची फक्त नवाई वाटते. मी कपाळावर हात मारला. मनातल्या मनात नाही, खरोखरचा. माझ्या मनात शंका आली होती, पण तोंडाने उच्चारायची हिंमत होईना. डोळ्यांनी बघायचं ठरवलं.

परेशभाईंना सांगितलं, गुरुवारी अमावस्या आहे, ओहोटी मोठी आहे, मी जाऊन येते.

“बेन, शुक्रवारी रिपोर्ट आपवानो छे!”

“म्हणूनच गुरुवारी जाते.”

“कुणालला पाठवा ने.”

“कुणालला आठ वेळा पाठवलंय,” मी म्हणाले.

आम्ही पहाटे पाचला निघालो, दुपारी दोनला पोचलो. वाटेत कुणालने मला तीनदा विचारलं, काय झालंय. मी तीनदा सांगितलं, काही नाही. साडेचारच्या सुमाराला पाणी पूर्ण ओसरलं. मी साडी खोचली, रबरी बूट चढवले आणि सात नंबरपाशी जाऊन उभी राहिले. वर पिवळ्या रंगात ‘७’. आजूबाजूला बुळबुळीत हिरवं शेवाळ, बाकी काही नाही. हे शेवाळ म्हणजे रिकाम्या प्लॉटवरचं गवत. जागा मोकळी झाली की सगळ्यात आधी हेच उगवतं.

“उलट,” मी म्हणाले.

कुणालने दोन्ही हातांनी दगड उलटला. खाली, लाल रंगात, ठसठशीत, ‘७’.

मी आधी दोन्ही बाजूंचे फोटो काढून घेतले.

“कुणाल, मोजून झाल्यावर दगड परत सुलटा करत नाही तुम्ही?”

“ना मॅडम.”

“का?”

त्याने खिशातून प्रोटोकॉल काढला. प्रोटोकॉल म्हणजे कामाच्या पायऱ्यांचा कागद. लॅमिनेट केलेला, कोपऱ्यावर आमचा शिक्का. त्याने नवव्या पायरीवर बोट ठेवलं : ‘दगड उलटून खालच्या बाजूचे जीव मोजावेत.’ मग दहाव्यावर : ‘पुढील दगडाकडे जावे.’

“मी तर प्रोटोकॉल प्रमाणेच केलं ने,” तो म्हणाला. “तुम्हीच म्हटलेलं, आपल्या मनाचं काय पण करायचं नाय.”

म्हटलं होतं. प्रोटोकॉलही मीच लिहिला होता. खाली माझी सही होती. त्या कागदाचं तीन वेळा ऑडिट झालं होतं, एका ऑडिटरने तर पायऱ्यांच्या सुटसुटीतपणाचं कौतुक केलं होतं.

मी विद्यार्थिनी असताना आमच्या सरांनी मला एकदा भर ओहोटीत अर्धा फर्लांग मागे पाठवलं होतं, कारण मी एक दगड उलटा ठेवून पुढे गेले होते. “कुणाच्या घरात गेलात तर दार लावून येता की नाही?” एवढंच म्हणाले होते. निसरड्या कातळावरून पडत धडपडत मी गेले आणि दगड सुलटा केला. त्यानंतर तीस वर्षांत एकही दगड मी उलटा सोडलेला नाही. ती गोष्ट माझ्या हातात इतकी मुरली होती, की कागदावर लिहावी असं कधी सुचलंच नाही. चहाच्या कृतीत गॅस बंद करा असं कोण लिहितं? पण मी खुर्चीवर बसून कागद लिहीत होते आणि ज्यांच्यासाठी लिहीत होते त्यांना कुणी कधी मागे पाठवलं नव्हतं. मीही नाही. मला वेळ नव्हता. आलेख काढायचे होते.

तर हिशेब असा. आम्ही तीस दगडांना दोन वर्षं, दर तीन महिन्यांनी, कुशीवर वळवत होतो. वरचे जीव अंधारात गुदमरत होते, खालचे उन्हात भाजत होते. जरा कुठे नवं बिऱ्हाड बसू लागलं की आम्ही नंबर शोधत हजर. मग उरतं काय, बुळबुळीत शेवाळ. ‘घट’ आम्ही मोजत होतो आणि ती करतही आम्हीच होतो.

मला रडू आलं असतं, पण तेवढ्यात मागून आवाज आला.

“बेन, आजे मोटां बेन पोते आव्यां?” आज मोठ्या बाई स्वतः आल्या?

साठीच्या आसपासची बाई होती. हातात टोकाला वाकवलेली लोखंडी सळी, कमरेला पिशवी. कुणालला ती ओळखत होती. नाव रतनबेन. गावातल्या दगड धुंडाळणाऱ्या बायकांमध्ये सगळ्यात जुनी.

मी तिला सरळच विचारलं, या नंबरवाल्या दगडांखाली तुम्हाला काय मिळतं?

“ए पथराने तो अमे अडतां ज नथी,” ती म्हणाली. त्या दगडांना आम्ही हातच लावत नाही. “नंबर छे ने. सरकारी छे.”

“कधीच नाही?”

“ना रे बेन. एक वार मारी वहुए सीधो करवा लीधो, तो नीचे पण नंबर! में कह्युं, मूकी दे, आ तो बन्ने बाजुथी सरकारी छे.” एकदा सून दगड सुलटा करायला गेली तर खालीही नंबर, मग हिने तिला सांगितलं, ठेव, हा दोन्ही बाजूंनी सरकारी आहे.

कुणालने मान खाली घातली. मला हसू आवरेना आणि संतापही आवरेना. ज्या दगडांवरून या बायकांना चोर ठरवायचं होतं, त्या दगडांना, सुनेचा तो एक प्रयत्न सोडला तर, या बायकांनी दोन वर्षांत बोटही लावलं नव्हतं.

“तुम्ही दगड उलटता, मग परत ठेवता का?” मी विचारलं. उत्तर मला ठाऊक झालं होतं, पण ऐकायचं होतं.

तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की एवढी मोठी बाई आणि हे काय विचारते. मग बोलण्याऐवजी करूनच दाखवलं. चार पावलं पुढे गेली, बिननंबराचा एक दगड निवडला, सळी घालून एका बाजूने उचलला, खाली वाकून बघितलं. काही नव्हतं. दगड होता तसा, त्याच खळग्यात, हलकेच टेकवला. पुढचा उचलला. त्याखाली ऑक्टोपस होता. सळीने ओढला, पिशवीत टाकला, आणि दगड पुन्हा त्याच खळग्यात.

“ऊंधो मूकीए तो बे-त्रण महिना त्यां कंई मळे नहीं,” ती म्हणाली. “पछी खाईए शुं?” उलटा ठेवला तर दोन-तीन महिने तिथे काही मिळत नाही. मग खायचं काय?

“मग आम्ही दोन वर्षं उलटे ठेवत होतो, तेव्हा काही बोलला का नाहीत?”

“अमने एम के तमारी ऑफिसनो एवो रिवाज हशे.”

आमच्या ऑफिसचा रिवाज! अंधार पडायच्या आत मी कुणालला घेऊन शंभर पावलं पलीकडे गेले, जिथे आमचे नंबर नाहीत पण बायका रोज फिरतात. तिथले दगड एकेक करून उचलले, बघितले, ठेवले. कुणाल ठेवत होता आणि प्रत्येक वेळी खळगा तपासत होता. खाली केशरी स्पंज, जांभळे स्पंज, नळ्यांमधले जिवंत किडे, पोर्सेलीनसारखे चपटे खेकडे. वर शेवाळाचे तीन-चार प्रकार, लिंपेट, शंख. दोन वर्षांपूर्वीच्या आमच्या पहिल्या फेरीत सात नंबरवर जे होतं, ते सगळं इथे होतं. आणि तेही बायकांच्या वावरात.

मग कंपनीच्या भिंतीआड गेलो. गार्डने आयकार्ड बघितलं आणि सोडलं. स्टेशन एक, स्थिर आलेखाचं स्टेशन. तिथे सलग कातळावर कालवं बसली होती. एकाला एक चिकटून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. दुसरं काही शोधायचं तर डोळ्यांत तेल घालून शोधावं लागेल. घरच्या वाफ्यात पुदिना लावून विसरून जा. वर्षभराने वाफा पुदिन्याचा झालेला असतो, कोथिंबीर कुठे गेली कळत नाही. किनाऱ्यावरही तसंच असतं. कुणीच ढवळलं नाही तर जो जोरकस असतो तो सगळी जागा घेतो. सारखं ढवळलं तर कुणालाच बसता येत नाही. अधूनमधून, जपून ढवळलं तर थोडी थोडी जागा मोकळी होत राहते आणि सगळ्यांचं भागतं. लाटा हे काम करतात. रतनबेनच्या सळीने निदान ते बिघडवलं तरी नव्हतं. बिघडवलं होतं ते आमच्या लॅमिनेट केलेल्या कागदाने.

शुक्रवारी सकाळी, डोळ्याला डोळा न लागता, मी परेशभाईंसमोर बसले आणि सगळं सांगितलं. ते पेपरवेट फिरवत ऐकत होते.

“बेन, एक काम करीए,” ते म्हणाले. “आपण तर ‘मानवी वावर’ असंच लिहिलंय ने? ते खोटं नाय. आपणही माणसंच आहोत ने?”

सव्वीस वर्षांत मी परेशभाईंवर आवाज चढवलेला नव्हता. त्या दिवशी चढला. खालच्या फरसाणवाल्याने वर बघितलं म्हणतात.

“माणसं आहोत ना? मग कुठली माणसं ते लिहू. सुभानपुऱ्यातली.”

“क्लायंट जाईल.”

“जाऊ दे. नाहीतर त्या बायकांची वाट जाईल. माझ्या चुकीसाठी.”

त्यांचं भलं व्हावं, सही करू नका असं परेशभाई म्हणाले नाहीत.

अकरा वाजता मेहता साहेब आले. मी दोन फोटो पुढे ठेवले. लाल सात, पिवळा सात. एकाच दगडाचे.

“म्हणजे?” ते म्हणाले.

“म्हणजे स्टेशन दोनवरची घट आमच्या सर्व्हेमुळे झाली आहे. बायकांनी या दगडांना हात लावलेला नाही. मी तसं लिहिलंय, वाक्य कडक केलंय. ‘असू शकतो’ काढलंय.”

“पण मग आमच्या दोन वर्षांच्या डेटाचं काय?”

“डेटा उत्तम आहे. दर तीन महिन्यांनी दगड उलटे टाकले तर काय होतं, याचा इतका चांगला डेटा गुजरातेत कुणाकडे नसेल.”

त्यांना विनोद आवडला नाही. मलाही तो विनोद वाटत नव्हता.

“आणि स्टेशन एक? तिथे तर सगळं सुरक्षित आहे ना?”

“तिथे कालवं सुरक्षित आहेत. बाकीचे तिथे नाहीतच.”

“मॅडम, कुंपणाची ऑर्डर द्यायची आहे मला आज.”

“द्या. फक्त रिपोर्टच्या आधारावर देऊ नका. रिपोर्टमध्ये लिहिलंय की कुंपणाची गरज दिसत नाही. दहाव्या पानावर.”

या वेळी त्यांनी दहावं पान उघडलं. वाचलं. बॅगेत टाकलं आणि चहा न घेता गेले. आमच्याकडे चहा न घेता गेलेला माणूस परत येत नाही. तसंच झालं. महिन्याभरात त्यांनी दुसरी एजन्सी नेमली.

कुंपण मात्र झालं नाही. रिपोर्ट फाइलमध्ये गेला होता आणि फाइलमध्ये गेलेला कागद बाहेर काढणं कंपनीलाही जमत नाही. जेटी झाली, वाट राहिली. कुंपणाचे खांब, कुणाल सांगतो, कंपनीच्या कॉलनीत बॅडमिंटन कोर्टाला लागले.

प्रोटोकॉल मी त्याच आठवड्यात दुरुस्त केला. पायरी दहा : ‘दगड होता त्याच खळग्यात, होता त्याच बाजूने, हलकेच परत ठेवावा.’ पुढच्या ऑडिटला आलेल्या साहेबांनी विचारलं, ही पायरी कुठून आली, संदर्भ द्या. आमच्या क्षेत्रात कागदावर छापलेलं काही नसेल तर ‘व्यक्तिगत संवाद’ असं लिहून माणसाचं नाव देतात. मी रतनबेनचं नाव दिलं. त्यांनी पदवी विचारली. मी म्हटलं, चाळीस वर्षांचं फील्डवर्क.

हे सगळं आटोपलं असं वाटत असताना परवा तिचा फोन आला. नंबर तिने कुणालकडून घेतला होता.

“बेन, नवा माणसो आव्या छे. पथरा पर भूरा नंबर लख्या.”

नव्या एजन्सीचे लोक, आता निळे नंबर. मी विचारलं, दगड परत ठेवतात का?

“ना रे! ऊंधा मूकीने गया. में कह्युं, भाई, सीधा करता जाव. तो कहे, कागळमां नथी लख्युं.”

कागदात लिहिलेलं नाही. मी डोळे मिटले. मेहता साहेबांकडे आमचा जुना प्रोटोकॉल होता, लॅमिनेट केलेला, ऑडिट झालेला, माझ्या सहीचा. त्यांनी तोच नव्या लोकांना दिला असणार. मी त्या एजन्सीला आणि कंपनीलाही पत्र पाठवलं आहे. पोच आलेली नाही.

“मग काय केलंत?” मी विचारलं.

“शुं करीए? ए लोको गया पछी अमे बधा सीधा करी दीधा.” ते लोक गेल्यावर बायकांनी सगळे दगड सुलटे केले होते.

“नंबर असून?”

“हवे बीक नथी लागती, बेन. हवे खबर छे ने, नंबर सरकारी नथी, तमारा जेवा माणसोना छे.” आता भीती वाटत नाही; नंबर सरकारी नाहीत, तुमच्यासारख्या माणसांचे आहेत.

म्हणजे सध्या त्या किनाऱ्यावर माझी दहावी पायरी रतनबेन पाळते आहे, तीही दुसऱ्याच कंपनीच्या दगडांवर. नव्या लोकांचा आलेख बहुधा सपाट येईल आणि त्यांना वाटेल त्यांचं काम चोख आहे. रतनबेनला प्रोटोकॉल वाचता येत नाही. ते दगडांच्या पथ्यावर पडलं.